ऊस, डोडो आणि पट्टीची सावली : मुलांसोबत मॉरिशस



उन्हाळी सुट्टी जवळ आली की एक प्रश्न हमखास येतो, "मॅडम, मुलांना कुठे न्यावं? फिरणंही होईल आणि शिकणंही." आजचा लेख त्याच प्रश्नावर आहे. उदाहरण मात्र जरा लांबचं घेते, मॉरिशसचं. माझी नणंद नोकरीनिमित्त तिथे राहते, म्हणून राहण्या-जेवणाचा खर्च वाचला आणि मे महिन्यात आम्हा चौघांचं जाणं जमलं. नाहीतर शिक्षकाच्या पगारात हे सोपं नाही, हे आधीच सांगून टाकते. पण खाली दिलेल्यातलं बरंचसं तुम्हाला कोकणात, अंदमानात किंवा घराच्या अंगणातही करता येईल.

आमची थोरली सहावीत, धाकटा दुसरीत. आणि मी शिकवते ती शाळा कोल्हापूर भागात, साखर कारखान्याला लागून. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, त्याचा संबंध पुढे येणार आहे.

पहिला दिवस फसला

पहिल्या दिवशी मी शाळेच्या सहलीसारखी तयारी केली होती. प्रश्नपत्रिका, रकाने, "पाहिलेल्या पाच वनस्पतींची नावे लिहा" वगैरे. एका दिवसात बाग, संग्रहालय आणि किनारा असा बेत. दुपारी तीन वाजता धाकट्याने भर रस्त्यात बसकण मारली आणि थोरलीने वही माझ्या हातात देऊन सांगितलं, "आई, तू इथे पण मॅडमच आहेस." यांनी म्हणजे मुलांच्या बाबांनी काही न बोलता दोघांना कोपऱ्यावरच्या गाडीवर नेलं आणि 'धोल पुरी' घेऊन दिली.

धोल पुरी म्हणजे आपली डाळपुरीच हो! वाटलेली डाळ भरलेली मऊ पातळ पोळी, आत घेवड्याची रस्सेदार भाजी आणि चटणी. धाकटा खाता खाता म्हणाला, "ही गूळ नसलेली पुरणपोळी आहे." मग प्रश्न सुरू झाले. समुद्रात एवढ्या लांब आपली पोळी कशी आली? कोणी आणली? इथले लोक आपल्यासारखे का दिसतात? माझ्या प्रश्नपत्रिकेत हा प्रश्न नव्हता, आणि पुढचा अख्खा आठवडा आम्ही त्याच्याच मागे फिरलो. नियम ठरला, दिवसाला एकच ठिकाण आणि प्रश्न मुलांचे.

पट्टीची सावली

आता करून बघण्यासारखी गोष्ट सांगते. नकाशात पाहा. नाशिक विषुववृत्ताच्या उत्तरेला २० अंशांवर आहे आणि मॉरिशस दक्षिणेला साधारण तेवढ्याच अंशांवर. म्हणजे विषुववृत्ताचा आरसा धरला तर ही दोन ठिकाणं एकमेकांसमोर. म्हणूनच आपल्याकडे मे महिन्यात अंगाची काहिली होत असताना तिथे हिवाळा सुरू होत असतो. हिवाळा म्हणजे स्वेटर नाही, पण संध्याकाळी गार वारं सुटतं.

मुलांना हे पाठ करायला सांगितलं तर परीक्षेपुरतं राहतं. आम्ही काय केलं, ३० सेंटिमीटरची लाकडी पट्टी अंगणात सरळ उभी धरली आणि सूर्य सगळ्यात वर असताना सावली मोजली. तिथे ती वेळ बारा वाजून पाच-सात मिनिटांची होती. सावली भरली जवळजवळ २६ सेंटिमीटर. गावी आजोबांनाही फोन करून तेच करायला सांगितलं होतं. त्यांनी भारतीय वेळेनुसार साडेबाराला मोजली आणि म्हणाले, "अगं, सावली कसली, जेमतेम दोन सेंटिमीटर आहे. पट्टी वाकडी धरली की काय मी?" पट्टी वाकडी नव्हती. कोल्हापुरात मे महिन्यात सूर्य जवळपास डोक्यावर असतो. मेच्या पहिल्या आठवड्यात तर आपल्याकडे शून्य सावली दिवस येऊन जातो. मॉरिशसला तो येतो नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आणि पुन्हा जानेवारीत.

मोठ्या मुलांसाठी पुढची पायरी आहे. पट्टीची उंची आणि सावलीची लांबी कागदावर काढून कोन मोजा. तिथला सूर्य माथ्यापासून सुमारे ४१ अंश कललेला निघतो, कोल्हापूरचा सुमारे ४ अंश. वजाबाकी केली की ३७, आणि दोन्ही ठिकाणांच्या अक्षांशांमधलं अंतरही तेवढंच! इरॅटोस्थेनिसने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी अशाच सावलीवरून पृथ्वीचा घेर काढला होता. थोरलीने ही वजाबाकी तीनदा करून पाहिली, कारण तिचा विश्वासच बसेना.

रात्री आणखी एक धक्का. ध्रुवतारा तिथून दिसतच नाही. अढळपद मिळालेला ध्रुवबाळ विषुववृत्त ओलांडलं की क्षितिजाखाली जातो. सप्तर्षी उत्तरेला अगदी खाली टेकलेले, आणि आपल्याकडे दक्षिण क्षितिजापाशी कसाबसा दिसणारा त्रिशंकू मात्र मस्त वर चढलेला. (बेसिनमधलं पाणी तिथे उलटं फिरतं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आम्ही करून पाहिलं. पाणी बेसिनच्या आकारावर आणि तुम्ही ते कसं ओतलं यावर फिरतं.)

काळा दगड ओळखीचा

मॉरिशसच्या उसाच्या फडात जागोजागी काळ्या दगडांचे ढीग दिसतात, काही तर घराएवढे. धाकट्याने एक दगड उचलून पाहिला आणि म्हणाला, "हा तर आपल्या डोंगरावरचा." बरोबर! तो बेसॉल्टच. आणि नातं त्याहून जवळचं आहे. भूशास्त्रज्ञ सांगतात की पृथ्वीच्या पोटात एका जागी तप्त खडक वर येत राहतो. त्या जागेला रियुनियनचा तप्तबिंदू म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूभाग त्याच्यावरून सरकत होता, तेव्हा जो लाव्हा ओतला गेला त्यातून आपलं दख्खनचं पठार आणि सह्याद्री घडले. भारत उत्तरेला निघून गेला, तप्तबिंदू जागेवरच राहिला. त्यातूनच पुढे, ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस समुद्रातून वर आलं. आज त्याच बिंदूजवळच्या रियुनियन बेटावर जागृत ज्वालामुखी आहे.

हे समजवायला जळती मेणबत्ती घ्या आणि तिच्यावरून जाड पुठ्ठा हळूहळू सरकवा (हे मोठ्यांनीच करायचं). पुठ्ठ्यावर काजळीचे डाग ओळीने उमटतात. पहिला मोठा डाग दख्खन, शेवटून दुसरा मॉरिशस. क्यूरपिप गावात त्रू-ओ-सेर नावाचं थंड झालेलं ज्वालामुखीचं तोंड आहे, सुमारे तीनशे मीटर रुंद आणि आता झाडीने भरलेलं. त्याच्या काठावर उभं राहून पुठ्ठ्याची आठवण करून दिली की काम झालं. शामारेलची सात रंगांची माती सगळे फोटोसाठी बघतात. तीही बेसॉल्ट झिजून झालेली आहे, लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडमुळे रंगीत. कोकणातला जांभा पाहिलेल्या मुलाला हे दोन मिनिटांत कळतं.

डोडो, आणि एक शाळामास्तर

डोडोशिवाय मॉरिशस नाही. देशाच्या राजचिन्हावरही तो आहे, एका बाजूला डोडो, दुसऱ्या बाजूला हरीण, आणि दोघांच्याही जवळ ऊस. १५९८ मध्ये डच खलाशी बेटावर उतरले तेव्हा हा न उडणारा पक्षी माणसाला घाबरत नव्हता, कारण घाबरायचं त्याला कधी कारणच पडलं नव्हतं. जमिनीवर घरटं. जहाजांबरोबर आलेली डुकरं, उंदीर, माकडं अंड्यांवर तुटून पडली आणि जंगलही तुटत गेलं. डोडो दिसल्याची शेवटची, बहुतेकांनी मान्य केलेली नोंद १६६२ ची. म्हणजे माणूस आल्यापासून जेमतेम ६४ वर्षांत खेळ खलास! इकडे शिवाजी महाराज आणि शाहिस्तेखान यांचा संघर्ष चालू होता, त्या सुमारास तो पक्षी पृथ्वीवरून संपला. मुलांना सनावळी अशी शेजारी शेजारी ठेवून द्या, लक्षात राहते.

डोडो होता कोण, तर कबुतराच्या कुळातला. आज जिवंत असलेला त्याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक म्हणजे निकोबारी कबूतर, आपल्या अंदमान-निकोबारचा.

मला स्वतःला आवडलेली गोष्ट वेगळी आहे. पुढे पुढे लोकांना वाटू लागलं होतं की डोडो ही खलाशांची थाप असावी. १८६५ मध्ये माएबूर गावच्या जॉर्ज क्लार्क नावाच्या शाळामास्तरांनी जवळच्या मार-ओ-सोंज या दलदलीतून डोडोची हाडं बाहेर काढली. जगभरच्या संग्रहालयांत आज डोडोचे जे सांगाडे आहेत, त्यांतले बरेचसे या दलदलीतल्या हाडांचे जुळवलेले. पण एकाच पक्ष्याचा पूर्ण सांगाडा पोर्ट लुईच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आहे, आणि तो शोधला एटिएन थिरियू नावाच्या केशकर्तनकाराने. एक मास्तर, एक केस कापणारा. थोरलीला म्हटलं, बघ, शोध लावायला प्रयोगशाळाच लागते असं नाही.

त्यानंतर इल-ओ-झेग्रेत या छोट्या बेटावर गेलो. किनाऱ्यापासून होडीने काही मिनिटांवर, फक्त २६ हेक्टरचं, प्रवाळाच्या चुनखडीचं बेट. मॉरिशस मुळात कसं होतं ते तिथे पुन्हा उभं करायचं काम चालू आहे, आबनूसची झाडं, गुलाबी कबुतरं आणि अल्दाब्राहून आणलेली प्रचंड कासवं. कासवं का आणली? मॉरिशसची स्वतःची मोठी कासवं माणसांनी संपवली. ती आबनूसची फळं खाऊन विष्ठेतून बिया पेरायची. ती गेली, तसं पेरणारंच कोणी उरलं नाही. म्हणून पाहुण्यांना ते काम दिलं. धाकट्याने कासवाला "पेरणी करणारं पोट" असं नाव ठेवलं, आणि मला बीजप्रसाराचा याहून चांगला पाठ घेता आला नसता.

याच किनाऱ्याजवळ जुलै २०२० मध्ये 'वाकाशियो' हे मोठं जहाज प्रवाळाच्या भिंतीवर चढलं आणि सुमारे हजार टन तेल पाण्यात सांडलं. तेव्हा गावोगावच्या लोकांनी, शाळकरी पोरांनीसुद्धा, कापडी नळ्यांत उसाचं पाचट भरून तरंगते बांध शिवले आणि तेल अडवलं. आपल्याकडे पाचट पेटवून देतात, हे धाकट्याला चांगलं माहीत आहे. तो बराच वेळ गप्प होता.

एक कबुली इथेच देते. किनाऱ्यावरून येताना धाकट्याच्या खिशात पांढऱ्या पोवळ्याचा तुकडा सापडला. तिथे प्रवाळ उचलून नेणं कायद्याने बंद आहे. रागवायच्या आधी त्याला विचारलं, हा कोणाचा? "समुद्राचा." मग दुसऱ्या दिवशी अर्धा तास मोडून परत गेलो आणि त्यानेच तो पाण्यात सोडला. चिडचिड झाली, पण गेलो.

सोळा पायऱ्या

आता डाळपुरीच्या प्रश्नाचं उत्तर. पोर्ट लुई बंदरात आप्रवासी घाट आहे. २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. ब्रिटिशांनी १८३५ मध्ये बेटावरची गुलामगिरी बंद केली, पण उसाला मजूर हवेच होते. म्हणून हिंदुस्थानातून करारावर माणसं आणायला सुरुवात झाली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाजातून ३६ जण उतरले. त्यानंतर १९२० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं आली, कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून. मुंबईहून गेलेल्यांत आपल्या कोकणातले, रत्नागिरीकडचे लोक होते. त्यांचे वंशज आजही आहेत. पश्चिमेकडच्या कास्कावेलसारख्या गावात त्यांची जुनी वस्ती आहे, शाळेत मराठी शिकवली जाते, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. घरात मात्र बहुतेक जण क्रिओल बोलतात. एका आजींनी आम्हाला हात जोडून "या, बसा" म्हटलं आणि पुढचं सगळं क्रिओलमध्ये! पण ते "या, बसा" ऐकून आमचे डोळे भरले.

घाटावर बंदरातून वर चढणाऱ्या सोळा दगडी पायऱ्या आहेत. बोटीतून उतरलेला प्रत्येक मजूर त्या चढून आला. थोरलीने मोजत चढून पाहिल्या. डेपोत एक-दोन दिवस ठेवून मग मळ्यावर पाठवत. पाच वर्षांचा करार, सुरुवातीच्या करारात पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांची मजुरी कापायचे. टोळीवर देखरेख करणाऱ्याला 'सरदार' म्हणत, आणि हेच सरदार गावी परत येऊन नवी माणसं भरती करून न्यायचे. प्रत्येकाला नंबर. १८६७ च्या कायद्यानंतर फोटो चिकटवलेला परवानाही जवळ बाळगावा लागे. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये ती दप्तरं आणि फोटो जपून ठेवलेत.

पालकहो, मी तिथे उभी होते आणि मला माझं हजेरीपत्रक दिसत होतं. आमच्या भागात दिवाळी झाली की बीड, पाथर्डीकडून ऊसतोड टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक खाडा पडला की दंड. त्यांची मुलं नोव्हेंबरमध्ये माझ्या वर्गात येतात आणि कारखाना बंद झाला की मार्चमध्ये जातात. हमी कार्ड वगैरे असतं, पण खरं सांगते, मी या मुलांची नावं माझ्या वहीत पेन्सिलीने लिहायचे. चार महिन्यांनी खोडायचीच, मग शाई कशाला. घाटावरच्या काचेत दीडशे वर्षांपूर्वीच्या मजुराचं नाव, गाव, बापाचं नाव पक्क्या शाईत लिहिलेलं पाहिलं आणि मला माझी पेन्सिल आठवली.

दुसऱ्या दिवशी बो प्लांचा जुना कारखाना पाहिला. १९९९ मध्ये बंद पडलेल्या या कारखान्यात आता साखरेचं संग्रहालय आहे. शेवटी वेगवेगळ्या साखरा चाखायला देतात, त्यामुळे मुलं खूश. १८५८ मध्ये एवढ्याशा बेटावर २५९ साखर कारखाने होते, आज तीन उरलेत. तिथला गळीत हंगाम जूनपासून डिसेंबरपर्यंत, आपला दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत. थोरलीने लगेच सावलीच्या पट्टीशी जोडलं, "त्यांचा हिवाळा तेव्हा असतो ना." ऊस तोच, ऋतू फिरलेला.

जाणारच असाल तर

जानेवारी ते मार्च टाळा, चक्रीवादळांचा काळ असतो. पाण्यात उतरताना मुलांच्या पायात बूट हवेतच, तळाशी काटेरी समुद्री प्राणी असतात. संग्रहालयांच्या वेळा आदल्या दिवशी बघून घ्या, आमची एक फेरी फुकट गेली. पट्टी, दोरा, जाड पुठ्ठा आणि कोरी वही न्या. छापील प्रश्नपत्रिका नेऊ नका.

नोव्हेंबरमधला तास

टोळ्या आल्या तेव्हा मी वर्गात मॉरिशसचे फोटो दाखवले. या वेळी नवी नावं शाईने लिहिली होती. घाटाच्या पायऱ्या, दगडांचे ढीग, उसाचे फड. शेवटच्या बाकावर पाथर्डीकडचा एक मुलगा बसतो, एरवी तोंड उघडत नाही. त्याने विचारलं, "मॅडम, त्यांची पोरं शिकली का?"

मी सांगितलं, हळूहळू शिकली. बिहारमधून करारावर गेलेल्या एका मजुराचा मुलगा, शिवसागर रामगुलाम, लंडनला जाऊन डॉक्टर झाला. १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा तोच पहिला पंतप्रधान होता. त्याच्याच कारकिर्दीत, १९७७ पासून, माध्यमिक शिक्षण फुकट झालं. मुलगा "हं" म्हणाला. बाकी पोरांना डोडोच जास्त आवडला, हेही खरं.

मग आम्ही मैदानात पट्टी उभी केली. दर शनिवारी सूर्य डोक्यावर आला की सावली मोजायची आणि भिंतीवरच्या तक्त्यात लिहायची. ते काम त्याने आपणहून घेतलं. डिसेंबरात सावली लांबली, जानेवारीपासून आखडायला लागली. मार्चमध्ये कारखाना बंद झाला, ट्रॅक्टर भरले, तो वही परत द्यायला आला. मी म्हटलं, वही तुझ्याकडेच ठेव, पट्टीपण घेऊन जा.

त्याने विचारलं, "आमच्याकडं सावली कधी गायब होती?"

१५ मेच्या आसपास, दुपारी साडेबाराला, मी सांगितलं. त्याने वहीच्या कव्हरवर तारीख लिहून घेतली आणि खाली स्वतःचं नाव घातलं, शाईने.